मुंबईतली सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय सेवा: रिपोर्टखाली सही कुणाची?

परळला केईएम आणि टाटाच्या आसपास किंवा हिंदमात्यापासून दादर टीटीपर्यंत चालत गेलं तर इमेजिंग सेंटरांच्या पाट्याच पाट्या दिसतात. बहुतेक पाट्यांवर मशीनची माहिती असते: १.५ टेस्ला (एमआरआयच्या चुंबकाची ताकद), १२८ स्लाइस, फोर-डी सोनोग्राफी, रिपोर्ट त्याच दिवशी. ती चित्रं वाचून निदान लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव असलंच तर खाली, बारीक अक्षरात. पेशंटही फोनवर दर विचारतो, वेळ विचारतो, ‘मशीन नवीन आहे ना?’ असंही विचारतो. ‘रिपोर्ट कोण देणार?’ हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. हे परीक्षण त्याच प्रश्नाच्या अंगाने केलं आहे. रिपोर्ट लिहिणाऱ्या या डॉक्टरचा, म्हणजे रेडिओलॉजिस्टचा, हात कामाच्या कोणकोणत्या टप्प्याला लागतो आणि कुठे सुटतो, यावर आम्ही सेवा जोखली.

मुंबईत ही सेवा ढोबळमानाने चार ठिकाणी मिळते: पालिकेच्या मोठ्या रुग्णालयातला विभाग, एकाच डॉक्टरने चालवलेलं वस्तीतलं सोनोग्राफी क्लिनिक, अनेक शाखांचं साखळी सेंटर आणि बड्या खासगी रुग्णालयाचा स्वतःचा विभाग. नावं देत नाही, कारण प्रत्येक प्रकारात उत्तम काम करणारेही आहेत आणि घाईने उरकणारेही.

आधी एक गैरसमज दूर करू. सीटी किंवा एमआरआयच्या टेबलावर तुम्हाला झोपवणारी, मशीन चालवणारी व्यक्ती टेक्निशियन असते. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला डॉक्टर. तो बऱ्याचदा आतल्या खोलीत दोन-तीन मॉनिटरांसमोर बसलेला असतो आणि तुमची त्याची गाठही पडत नाही. सोनोग्राफी याला अपवाद. इंग्लंड-अमेरिकेत प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) फिरवायला वेगळा सोनोग्राफर असतो, नंतर डॉक्टर चित्रं बघतो. आपल्याकडे डॉक्टर स्वतः प्रोब धरतो. ही आपल्या सेवेची मोठी जमेची बाजू आहे, आणि तिचा फायदा पेशंटने पुरेपूर घ्यायला हवा.

काम सुरू होतं ते चिठ्ठीपासून. ‘सीटी ॲब्डोमेन’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन कुणी गेलं, तर रिसेप्शनवरची मुलगी दरपत्रक बघून ‘साधा की काँट्रास्टवाला?’ (काँट्रास्ट म्हणजे शिरेतून द्यायचं, चित्रात पांढरं दिसणारं औषध) असं विचारते. हा प्रश्न पेशंटला विचारायचाच नसतो. मूतखड्यासाठी साधा सीटी लागतो. काँट्रास्ट मूत्रमार्गात उतरला की तोही पांढरा, खडाही पांढरा, आणि बारीक खडा त्यात बुडून जातो. यकृतातली गाठ ओळखायची तर काँट्रास्ट दिल्यावर साधारण ३५ सेकंदांनी, ७० सेकंदांनी आणि पुन्हा तीनेक मिनिटांनी अशी तीन वेळा चित्रं घ्यावी लागतात, कारण गाठ काँट्रास्ट कधी शोषते आणि कधी सोडते यावरच निदान ठरतं. लघवीतून रक्त जात असेल तर आणखी उशिराची फेरी लागते. ही आखणी म्हणजे प्रोटोकॉल, आणि तो रेडिओलॉजिस्टने ठरवायचा असतो. चांगल्या सेंटरात दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटांच्या चिठ्ठ्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरकडे जातात, शंका असेल तर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला फोन जातो. जिथे हे रिसेप्शन आणि टेक्निशियनवर सोडलेलं असतं, तिथे स्कॅन तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ निघतो आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. मग पैसेही दुसऱ्यांदा जातात आणि किरणंही दुसऱ्यांदा झेलावी लागतात.

म्हणून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून मागा: त्रास काय आणि कधीपासून, डॉक्टरांना संशय कशाचा, आधी कोणती ऑपरेशनं झाली आहेत. डॉक्टर घाईत असतील तर स्वतः मराठीत कागदावर लिहून न्या. रेडिओलॉजिस्टला ते चालतं, उलट हवंच असतं.

सोनोग्राफीवर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त होणारी तपासणी ही आणि सगळ्यात जास्त उरकली जाणारीही हीच. पोटाच्या वरच्या भागासाठी सहा तास उपाशी राहायला सांगतात. सकाळी चहा-बिस्कीट पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं, भिंत जाड दिसते आणि आत खडा असला तरी नीट दिसत नाही. शिवाय आतड्यात गॅस होतो आणि स्वादुपिंड झाकलं जातं. ओटीपोटासाठी उलट: तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी, म्हणजे मूत्राशय भरून आतडी वर सरकतात आणि गर्भाशय, अंडाशय किंवा प्रोस्टेट दिसायला खिडकी मिळते.

आता टेबलावर काय घडायला हवं ते बघा. आधी उताणं झोपवून बरगड्यांखाली प्रोब लागतो, ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ हे चारपाचदा ऐकू येतं. श्वास धरला की यकृत खाली येतं. मग डाव्या कुशीवर वळवतात. हे वळवणं महत्त्वाचं आहे. पित्ताशयातला खडा कूस बदलली की घरंगळतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. पॉलिप, म्हणजे आतून वाढलेला मांसल कोंब, भिंतीला चिकटलेला असतो, तो हलत नाही आणि बहुधा सावलीही पाडत नाही. कूस न बदलता लिहिलेल्या ‘७ मिमी पॉलिप’वर आम्ही विश्वास ठेवणार नाही. पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी भरलेल्या मूत्राशयावर एकदा बघून, लघवी करून येऊन पुन्हा प्रोब लागायला हवा. मागे राहिलेली लघवी मोजल्याशिवाय ती तपासणी अर्धवट. १०० मिलीच्या वर उरत असेल तर यूरोलॉजिस्टच्या दृष्टीने ती दखल घेण्याजोगी बाब असते. प्रोस्टेटचा आकार लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणून काढतात. या तीन मापांपैकी एकही रिपोर्टात नसेल तर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

उजव्या कुशीत दुखणाऱ्या तरुण पोरांची अपेंडिक्ससाठीची सोनोग्राफी ही खरी परीक्षा. पोटासाठीचा गोलसर प्रोब ३ ते ५ मेगाहर्ट्झचा, खोलवर बघणारा. अपेंडिक्ससाठी तो बाजूला ठेवून ७ ते १२ मेगाहर्ट्झचा सपाट प्रोब घ्यावा लागतो आणि जिथे दुखतं तिथेच हळूहळू दाबत जावं लागतं, म्हणजे वरची आतडी बाजूला होतात. दाबूनही न चपटणारी, ६ मिमीहून जाड नळी दिसली तर सूज आहे असं समजतात. प्रोब बदलला नाही, दुखऱ्या जागी बोट ठेवून दाखवायला सांगितलं नाही, आणि तरी ‘अपेंडिक्स सामान्य’ असं लिहिलं, तर दुसरीकडे पुन्हा दाखवा. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं लिहिणारा डॉक्टर यापेक्षा कितीतरी विश्वासाचा.

नीट केलेल्या पोटाच्या सोनोग्राफीला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. वस्तीतल्या एकट्या डॉक्टरच्या क्लिनिकांना आम्ही याबाबतीत सगळ्यात वर ठेवतो: तोच डॉक्टर प्रोब धरतो, तोच लिहितो, तोच सही करतो आणि मागच्या वर्षीही त्यानेच बघितलेलं असतं. पण सकाळी नऊ ते अकरा उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते. दोन तासांत २५ जण तपासायचे म्हटले तर एकाच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नाहीत. तातडी नसेल तर सकाळी लवकर हलका नाश्ता करून दुपारी दोन-तीनची वेळ घ्या; सहा तास भरतात आणि डॉक्टरही निवांत असतो. मधुमेह्यांनी मात्र आपल्या डॉक्टरला विचारूनच वेळ ठरवावी.

घाईची दुसरी निशाणी रिपोर्टातच सापडते. रिपोर्ट बहुतेक ठिकाणी तयार साच्यावर लिहितात. ‘सामान्य’ची वाक्यं आधीच टाइप केलेली असतात, वेगळं काही दिसलं तर तेवढं बदलायचं. साचा वाईट नाही, त्याने एखादा अवयव बघायचा राहून जात नाही. पण पित्ताशय काढलेल्या पेशंटच्या रिपोर्टात ‘पित्ताशय सामान्य’ किंवा गर्भाशय काढलेल्या बाईच्या रिपोर्टात गर्भाशयाचं माप आलं, तर साचा न वाचता सही झाली आहे. डावं-उजवं उलटं होणं हीही नेहमीची चूक आणि जास्त धोक्याची. रिपोर्ट हातात पडल्यावर नाव, वय, तारीख, बाजू आणि झालेली ऑपरेशनं एवढं तिथेच काउंटरवर वाचा.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीला कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, देशात पहिल्यांदा. १९९४ चा केंद्रीय कायदा नंतर आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. म्हणून प्रत्येक वेळी फॉर्म एफ भरून घेतात, ओळखपत्र मागतात, मशीनची नोंदणी भिंतीवर लावलेली असते. हा वेळखाऊ कागद वाटतो, पण तो नीट भरून घेणारं सेंटर बाकी कामातही काटेकोर असतं, असा आमचा अंदाज सहसा चुकत नाही. लिंग विचारणं हाही गुन्हाच आहे, तेव्हा डॉक्टरला त्या संकटात टाकू नका. तारखा मात्र चुकवू नका. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाच्या थराची जाडी मोजणारा) ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच होतो, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिमी असताना. त्यानंतर मानेमागचं ते माप निरुपयोगी. ॲनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का ते बघणारा) १८ ते २० आठवड्यांत करून घ्यावा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली असली तरी गंभीर व्यंगासाठी २४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं, आणि स्कॅन, दुसरं मत, आनुवंशिक तपासण्या यात आठवडे भराभर जातात. ॲनॉमली स्कॅनला अर्धा तास लागणं योग्यच. बाळ पाठमोरं असेल तर आईला फिरून यायला सांगतात, तेही योग्यच. पाच मिनिटांत झालेला ॲनॉमली स्कॅन आम्ही झाला असं धरत नाही.

एमआरआयच्या बाबतीत सेंटरची पारख दारातच होते. ते चुंबक २४ तास चालू असतं. मशीन बंद आहे, आत कुणी नाही, म्हणून चुंबक बंद नसतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला, तो चुंबकाकडे खेचला गेला आणि पेशंटसोबत आलेल्या तरुणाचा जीव गेला. त्यामुळे दारावर कितीही गर्दी असो, प्रत्येकाची चौकशी व्हायलाच हवी, सोबत आलेल्याचीही. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का (लेथवर, वेल्डिंगवर काम करणाऱ्यांना हे विचारलंच पाहिजे), स्टेंट कधी बसवला, हे सगळं फॉर्मवर. पेसमेकर असला की एमआरआय नाहीच, असं आता राहिलेलं नाही; बरेच नवे पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, पण त्यासाठी मॉडेलचं कार्ड हातात लागतं आणि कार्डिओलॉजिस्टने पेसमेकर आधी एमआरआय मोडवर ठेवावा लागतो.

दागिन्यांचंही तेच. ‘सोनं आहे, चालतं’ असं म्हणून मंगळसूत्र ठेवू देणाऱ्या टेक्निशियनचं ऐकू नका. सोनं खेचलं जात नाही हे खरं, पण धातूची साखळी तापू शकते, कडी-हूक कशाचे आहेत ते कुणालाच माहीत नसतं आणि मानेच्या स्कॅनमध्ये नेमका तिथेच काळा डाग पडतो. ब्लाउजचे हूक, साडीला लावलेली सेफ्टी पिन, केसांतले आकडे, जरीचा काठ, काळ्या दोऱ्यातला ताईत, कंबरेचा करगोटा, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, सगळं बाहेर. चांगल्या सेंटरात कपडे बदलायला गाऊन, कुलूपबंद कप्पा आणि बाईंसाठी बाई मदतनीस असते. हे नसेल तर तिथे एमआरआय करू नका, दर कितीही कमी असो.

आत गुडघ्याला वीस-पंचवीस मिनिटं, काँट्रास्टसह मेंदूला चाळीसेक मिनिटं लागतात. आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन हवेत. हातात दाबायचा फुगा द्यायलाच हवा. बंद जागेची भीती असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. ऐनवेळी घाबरून हललात तर चित्रं फराटे मारल्यासारखी येतात आणि काही सेंटरं तीच पुढे पाठवतात. १.५ टेस्लावर बहुतेक सगळी कामं उत्तम होतात. ३ टेस्लाचा खरा फायदा प्रोस्टेट, फिट येणाऱ्यांचा मेंदू, बारीक सांधे आणि नसा अशा ठिकाणी. साध्या कंबरदुखीसाठी जास्त टेस्लाचे जास्त पैसे मोजायची गरज नाही.

कंबरेच्या एमआरआयचे रिपोर्ट घराघरांत सगळ्यात जास्त घाबरवतात. ‘एल ४–एल ५ डिस्क बल्ज’ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली) हे शब्द वाचून माणूस अंथरुण धरतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढून बघितले तर विशीतल्या साधारण ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांत बल्ज दिसतो. म्हणजे नुसता बल्ज हा केस पिकण्यासारखा. नस दबली आहे का, कोणती, आणि पायातली कळ त्याच नसेच्या वाटेने जाते का, हे जुळवून लिहिणं हे रेडिओलॉजिस्टचं काम आहे. तळाशी ‘क्लिनिकल कोरिलेशन करावं’ (लक्षणांशी ताडून बघावं) एवढं छापून सोडणाऱ्या रिपोर्टाला आम्ही कमी गुण देतो. कळ कुठे जाते हे पेशंटला एका वाक्यात विचारता आलं असतं.

सीटीबद्दल थोडक्यात. छातीच्या साध्या एक्स-रेला ०.१ मिलिसीव्हर्टहून (किरणांच्या मात्रेचं एकक) कमी किरणं लागतात, पोटाच्या सीटीला साधारण ८ ते १०. निसर्गातून वर्षभरात आपल्याला जगाच्या सरासरीने २.४ मिळतात. गरज असेल तेव्हा सीटी बिनधास्त करावा, ‘एकदा सगळंच बघून घेऊ’ म्हणून करू नये, लहान मुलांचा तर नाहीच. काँट्रास्टआधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात तो मूत्रपिंडं बघायला. ईजीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी ४८ तास थांबवतात आणि पुन्हा क्रिएटिनिन बघून सुरू करतात. हाताला १८ किंवा २० नंबरची सुई कोपराच्या शिरेत लावतात, कारण औषध सेकंदाला तीन-चार मिलीच्या वेगाने जातं. मनगटावरच्या बारीक शिरेतून ते बाहेर त्वचेखाली पसरू शकतं. अंगभर ऊब जाणवते, लघवी झाल्यासारखं वाटतं, ते दहा-वीस सेकंदांत जातं. आणि मुंबईत हमखास ऐकू येणारी गोष्ट: कोळंबी खाल्ली की पित्त उठतं, म्हणून काँट्रास्ट नको. मासळीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे, त्यामुळे त्यावरून स्कॅन रद्द करायचं कारण नाही. आधी काँट्रास्टनेच पुरळ, सूज किंवा धाप लागली असेल तर मात्र ते ठळकपणे सांगा. इंजेक्शननंतर अर्धा तास सेंटरात बसवून ठेवणारे योग्य करतात. जवळ अॅड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन) आणि ते देऊ शकणारा डॉक्टर असलाच पाहिजे. रात्री फक्त टेक्निशियनच्या भरवशावर काँट्रास्ट देणारी जागा टाळा.

टेक्निशियनच्या छातीवर छोटा बॅज लावलेला दिसतो का बघा. तो त्याला मिळालेली किरणं मोजतो, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्याच अणुशक्तीनगरला आहे. जो मालक कर्मचाऱ्याच्या बॅजची काळजी घेतो, तो मशीनच्या डोसचीही घेतो.

आता सहीकडे येऊ. साखळी सेंटरांत आणि रात्रीच्या वेळी अनेक रुग्णालयांत चित्रं दुसरीकडे बसलेल्या डॉक्टरकडे जातात. याला टेलिरेडिओलॉजी म्हणतात. याचा खरा फायदा आहे. बोरिवलीत काढलेल्या खांद्याच्या एमआरआयला फक्त सांधेच वाचणारा डॉक्टर मिळतो, रात्री दोन वाजता डोक्याच्या सीटीला जागा असलेला डॉक्टर मिळतो. पक्षाघातात हेच मिनिटं वाचवतं, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि त्याआधी रक्तस्राव नाही याची खात्री लागते. तोटा असा की त्या डॉक्टरला तुमचा चेहरा, जुन्या प्लेटा आणि चिठ्ठीमागची गोष्ट दिसत नाही. म्हणून रिपोर्ट ‘प्रोव्हिजनल’ आहे की ‘फायनल’, सही कुणाची, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल किंवा दुसऱ्या कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे बघा. रात्रीचा प्रोव्हिजनल सकाळी बदलला तर तो बदल तुमच्या डॉक्टरला फोनवर कळवायला हवा. नुसती नवी पीडीएफ पाठवून भागत नाही.

फोन हा या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग आहे असं आम्हाला वाटतं. छाती-पोटामधल्या पडद्याखाली मोकळी हवा म्हणजे आतडं फुटलेलं, गर्भनलिकेत वाढणारा गर्भ, फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी, पीळ पडलेलं वृषण (इथे सहाएक तासांत ऑपरेशन झालं तर ते वाचण्याची शक्यता चांगली): यातलं काही दिसलं की रेडिओलॉजिस्टने टायपिस्टची वाट न बघता पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन करायचा आणि कुणाला, किती वाजता सांगितलं ते रिपोर्टात लिहायचं. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत रांगा लांब, अपॉइंटमेंट उशिरा, बाकडी अपुरी. पण निवासी डॉक्टर फिल्म घेऊन थेट रेडिओलॉजिस्टच्या खोलीत येतो, दोघं मॉनिटरसमोर उभं राहून बोलतात आणि वरिष्ठ पुन्हा बघतात. अवघड केस असेल तर ते संभाषण चकाचक सेंटरच्या गुळगुळीत फोल्डरपेक्षा जास्त कामाचं.

कोविडच्या काळात हे काम पहिल्यांदा घराघरांत पोचलं. छातीच्या एचआरसीटीचा (बारीक कापांच्या सीटीचा), फुप्फुस किती बाधित ते सांगणारा, २५ पैकीचा स्कोअर लोक परीक्षेच्या मार्कांसारखा व्हॉट्सॲपवर पाठवत. तेव्हापासून पेशंट रिपोर्ट स्वतः वाचू लागले आहेत, आणि रेडिओलॉजिस्टलाही आता डॉक्टरसाठी आणि पेशंटसाठी एकाच वेळी लिहावं लागतं. काही सेंटरं रिपोर्टनंतर पाच मिनिटं डॉक्टरशी बोलायची सोय देतात. ती जरूर वापरा, विशेषतः स्तनांच्या तपासणीनंतर. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, रिपोर्टातली बायरॅड्स श्रेणी ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ४ म्हणजे सुईने तुकडा काढून बघायचा. हा फरक कागदावर एका आकड्याचा आहे. तो समोर बसून कुणी सांगितला नाही तर बाई एकतर उगाच रात्रभर जागते किंवा वर्षभर जातच नाही.

छातीच्या एक्स-रेवर आता सॉफ्टवेअरही वाचन करतं. मुंबईच्याच क्यूअर डॉट एआय कंपनीचं असं सॉफ्टवेअर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांत क्षयरोगाच्या चाळणीसाठी अशा वाचनाला मान्यता दिली. क्षयाचा भार वाहणाऱ्या या शहरात त्याचा उपयोग मोठा आहे: संशयित एक्स-रे रांगेत वर येतात, थुंकीची तपासणी लवकर होते. मात्र सॉफ्टवेअर संशयाचा आकडा देतं, पक्कं निदान थुंकीच्या तपासणीतून. आणि जुना, बरा झालेला क्षयाचा व्रण की नवा आजार, हे ठरवायला पाच वर्षांपूर्वीची प्लेट शेजारी लावून बघणारा माणूस लागतो.

या डॉक्टरची भूमिका सगळ्यात जास्त बदलली ती सुई हातात आल्यावर. यकृतातला अमिबाचा गळू मुंबईच्या वॉर्डांत नेहमी दिसतो; मोठा असेल तर पूर्वी पोट उघडायची वेळ येई. आता रेडिओलॉजिस्ट आयएनआर आणि प्लेटलेट (रक्त नीट गोठतं का हे सांगणाऱ्या तपासण्या) बघून, जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघत सुई आत घालतो, त्यातून तार, तारेवरून १० ते १२ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) जाडीची पिगटेल, म्हणजे टोकाशी गोल वळलेली, नळी. बाहेर येतो तो तांबूस-तपकिरी, चॉकलेटसारखा पू. इथपर्यंत बहुतेक ठिकाणी चांगलं होतं. बिघडतं ते वॉर्डात: नळीची तीन-तोंडी तोटी (कॉक) बंद राहते, नळी कुशीखाली दुमडते, सलाइनने धुणं राहून जातं, मग ‘पू थांबला’ असं वाटतं आणि ताप परत येतो. नळी बसवणाऱ्यानेच रोज किती मिली आलं ते बघावं, १० मिलीच्या आसपास आल्यावर पुन्हा सोनोग्राफी करावी आणि टोक वळवून धरणारा आतला दोरा सोडवूनच नळी काढावी. हे सगळं स्वतः करणारा विभाग ज्या रुग्णालयात आहे, तिथेच ही प्रोसीजर करून घ्या.

दराबद्दल एवढंच: डॉक्टर एकाच सेंटरचा हट्ट धरत असेल तर कारण विचारा. ‘तिथला अमुक डॉक्टर हा भाग चांगला वाचतो’ हे उत्तर पटण्यासारखं. कारणच नसेल तर कट, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, असू शकतो आणि तो तुमच्याच बिलातून जातो.

निघताना फिल्मवर समाधान मानू नका. एचआरसीटीत एक मिमीची तीन-चारशे चित्रं असतात, फिल्मवर निवडक छापलेली असतात. डायकॉम (मूळ चित्रांच्या संगणकी फायली) स्वरूपातली सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा. पीडीएफ किंवा मोबाइलवरचा फोटो दुसऱ्या मतासाठी चालत नाही. घरी आल्यावर सीडीची एक प्रत लगेच करून ठेवा. फिल्म गादीखाली किंवा ओलसर भिंतीला लागून ठेवल्या तर पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात, उन्हात ठेवल्या तर काळवंडतात. कपाटात, पाकिटात, उभ्या ठेवा. सोनोग्राफीचे थर्मल कागदावरचे फोटो काही वर्षांत पुसट होतात, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून रिपोर्टाला टाचून ठेवा.